घरासाठी प्रिंटर: एप्सन एल३२५०, कॅनन जी३०२०, ब्रदर टी४२६डब्ल्यू की काळा-पांढरा लेझर?

प्रिंटर घ्यायला गेलं की दुकानात दोन प्रश्न ठरलेले असतात. केवढ्याला आहे आणि रंगीत येतं का. पुढची चार वर्षं हे यंत्र सुख देणार की ताप, हे मात्र तिसऱ्याच प्रश्नावर ठरतं: हा प्रिंटर सलग किती दिवस बंद राहणार? शाईचा प्रिंटर वापरून जेवढा खराब होतो त्याहून जास्त न वापरल्याने खराब होतो. घरी शाळकरी मुलं असतील तर जून ते मार्च त्याला थोडंफार काम असतं आणि एप्रिल-मे महिन्यांत तो कापडाखाली झाकून पडतो. नेमका तोच काळ विदर्भ-मराठवाड्यात चाळिशीपार पाऱ्याचा. जूनमध्ये पहिला प्रकल्प छापायला घेतला की पानावर पिवळा रंगच नसतो. म्हणून खाली प्रत्येक यंत्राचं मूल्यमापन करताना वेग आणि किमतीपेक्षा या एका गोष्टीला जास्त वजन दिलं आहे.

आधी काट्रिजवाल्या स्वस्त प्रिंटरबद्दल, कारण ऑनलाइन सेलमध्ये सगळ्यात जास्त तेच खपतात. एचपीच्या डेस्कजेट २३३१ सारख्या यंत्रात ८०५ नंबरचं काट्रिज बसतं. कंपनीच्याच आकड्याप्रमाणे काळं काट्रिज सुमारे १२० पानं देतं आणि तिरंगी सुमारे १००. काळ्या काट्रिजचे ६०० रुपये धरले तर पानाला ५ रुपये पडले, कागद वेगळा. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला याहून स्वस्तात छापून देतो. ‘इंक ॲडव्हांटेज’ मालिकेतलं ६८२ नंबरचं काळं काट्रिज ४८० पानांचं आहे, म्हणजे हिशोब बराच बरा. तरीही तिरंगी काट्रिजची अडचण राहतेच. तीन रंगांपैकी एक संपला की उरलेल्या दोघांसकट ते फेकावं लागतं. आणि ही ‘पानं’ मोजायची जागतिक पद्धत साधारण पाच टक्के शाई लागणाऱ्या मजकुराच्या पानांवर बेतलेली आहे. पानभर नकाशा किंवा शिवाजी महाराजांचं रंगीत चित्र छापलं तर तो आकडा कुठल्या कुठे घसरतो.

काट्रिजची एक जमेची बाजू मात्र खरी आहे. एचपी आणि कॅननच्या या काट्रिजमध्ये शाई उडवणारं हेड काट्रिजलाच जोडलेलं असतं. शाई सुकून हेड चोक झालं तर नवं काट्रिज घातलं की हेडही नवं मिळतं. त्यामुळे वर्षभरात पंधरा-वीस रंगीत पानं छापणाऱ्याने टाकीचा महाग प्रिंटर घेऊन त्याचं हेड सुकवण्यापेक्षा हा प्रिंटर घेणं शहाणपणाचं. त्याहून शहाणपणाचं म्हणजे काहीच न घेणं. महिन्याला दहा पानांच्या आत गरज असेल आणि झेरॉक्सचं दुकान चालत जाण्याच्या अंतरावर असेल, तर घरात प्रिंटर आणू नका.

आता टाकीवाले. बाटलीने शाई ओतायची पद्धत एप्सनने २०१० साली इंडोनेशियात आणली, कारण तिथे लोक काट्रिजला भोकं पाडून बाहेरून नळ्या जोडतच होते. आपल्याकडेही तेच चालायचं. आज घरगुती गटात एप्सन एल३२५०, कॅनन जी३०२०, ब्रदर डीसीपी-टी४२६डब्ल्यू आणि एचपी स्मार्ट टँक ५८० हे एकाच पंगतीतले प्रिंटर आहेत. चारही छापतात, स्कॅन करतात, झेरॉक्स काढतात आणि वायफायवर चालतात. एप्सनची ००३ नंबरची काळी बाटली ६५ मिलिलिटरची, तिच्यात सुमारे ४५०० पानं. कॅननची जीआय-७१ काळी बाटली १३५ मिलिलिटरची, सुमारे ६००० पानं. बाटलीचे ४०० रुपये धरले आणि ४५०० पानांनी भागले तर पानाला ९ पैसेही पडत नाहीत. म्हणून टाकीच्या प्रिंटरमध्ये कुणाची शाई किती स्वस्त, यावर डोकं शिणवायची गरज नाही. कागदच शाईपेक्षा महाग पडतो. फक्त एवढं लक्षात ठेवा की पहिल्यांदा भरलेल्या शाईतली बरीचशी नळ्या आणि हेड भरण्यात जाते, त्यामुळे खोक्यासोबत आलेल्या बाटल्या छापील आकड्याइतकी पानं देत नाहीत. ती फसवणूक नव्हे, यंत्राची रचनाच तशी आहे.

फरक आहे तो हेडमध्ये. एप्सन आणि ब्रदरचं हेड पिएझो प्रकारचं, म्हणजे विजेच्या दाबाने एक बारीक पडदा हलतो आणि थेंब बाहेर ढकलला जातो. शाई तापत नाही, त्यामुळे हेड दीर्घायुषी असतं. पण ते यंत्रात कायमचं बसवलेलं असतं आणि बदलायचं झालं तर सर्व्हिस सेंटरशिवाय गत्यंतर नाही. खर्च इतका येतो की बरेच लोक त्यापेक्षा नवा प्रिंटर घेतात. कॅनन आणि एचपीच्या टाकीवाल्या प्रिंटरमध्ये शाई क्षणभर उकळवून थेंब उडवतात. हे हेड तुलनेने लवकर झिजतं, पण झाकण उघडून खटका वर केला की काळ्याचं आणि रंगीतचं अशी दोन्ही हेडं हाताने काढता-घालता येतात. घरातला प्रिंटर अधूनमधून महिनाभर बंद राहणार असेल तर कॅनन जी३०२० घ्या, दर आठवड्याला हमखास चालणार असेल तर एप्सन एल३२५०. आमचा या दोघांमधला निवाडा एवढाच आहे. छपाईच्या वेगात दोघांत नाव घेण्यासारखा फरक नाही. दोन्ही मिनिटाला काळी नऊ-दहा आणि रंगीत पाचच्या आसपास पानं देतात.

कॅननचा आणखी एक मुद्दा कागदपत्रं छापणाऱ्यांसाठी मोलाचा आहे. त्याची काळी शाई पिगमेंट प्रकारची आहे. पिगमेंटचे कण कागदावर बसतात, पाण्यात विरघळत नाहीत. डाय प्रकारची शाई कागदात मुरते आणि पावसाचा थेंब पडला की अक्षर पसरतं. अर्जावर ओल्या बोटाचा डाग पडून आधार क्रमांकच पुसट झाला, असं व्हायला नको असेल तर हा फरक बघा. ब्रदर आणि एचपीच्या टाकीवाल्या प्रिंटरमध्येही काळी शाई पिगमेंटचीच आहे. दुकानात तपासायचं असेल तर नमुन्याचं पान छापून मिनिटभर थांबा आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकून बोट फिरवा. उलट चकचकीत फोटो पेपरवर पिगमेंटची काळी शाई धरत नाही. म्हणून फोटो छापताना कागदाचा प्रकार ‘ग्लॉसी’ निवडणं अत्यावश्यक आहे. तसं केलं की यंत्र काळा रंग तीन रंगांच्या मिश्रणातून तयार करतं. ‘प्लेन पेपर’ ठेवून ग्लॉसीवर छापलं तर काळे केस बोटाला लागतात आणि दोष विनाकारण कागदाला दिला जातो.

ब्रदर टी४२६डब्ल्यूचं वेगळेपण म्हणजे खालचा बंद ट्रे. दीडशे पानं आत झाकलेली राहतात. एप्सन आणि कॅननमध्ये कागद मागून उभा लावायचा असतो, शंभर पानांची जागा. रस्त्यालगतच्या घरात त्या उभ्या कागदावर धूळ बसते आणि ती रोलरवर जाते. लहान मुलं असतील तर पेन्सिलीचं टोक, टाचणी, खोडरबर असं काहीही त्या उघड्या फटीतून आत पडतं. कागद दरवेळी एकाच बाजूने तिरका जाऊन अडकत असेल तर बहुतेकदा आत अशीच एखादी वस्तू असते. ब्रदरमध्ये ही भीती कमी आहे आणि वेगही जास्त आहे, मिनिटाला १६ काळी आणि ९ रंगीत. पण खालच्या ट्रेमधून निघालेला कागद आत वळून वर येतो, त्यामुळे जाड कार्डशीट किंवा बाँड पेपर त्याला मानवत नाही. भाडेकरार, प्रतिज्ञापत्र अशी कामं घरी होत असतील तर मागून सरळ जाणारी वाट बरी.

हेड चोक झालं तर काय करायचं, याबद्दल सगळ्यात जास्त नुकसान घाईने होतं. पान फिकं आलं की लोक ओळीने आठ-दहा वेळा हेड क्लिनिंग मारतात. प्रत्येक क्लिनिंगमध्ये शाई ओढून ती यंत्राच्या तळाच्या स्पंजात टाकली जाते, म्हणजे शाईही जाते आणि स्पंजही भरतो. योग्य क्रम असा. आधी नोझल चेक, म्हणजे हेडची बारीक छिद्रं तपासणारं रेघांचं पान, छापा. एप्सन एल३११० सारख्या बिनस्क्रीनच्या यंत्रात प्रिंटर बंद करून स्टॉपचं बटण दाबून धरत पॉवरचं बटण दाबलं की काँप्युटरशिवायही ते पान येतं. जाळीसारख्या रेघांत कुठे तुटकपणा आहे ते पाहा. मग एकदा क्लिनिंग, परत नोझल चेक. असं तीनदा करूनही रेघा पुऱ्या झाल्या नाहीत तर थांबा आणि किमान १२ तास प्रिंटरला हात लावू नका. वाळलेली शाई ताज्या शाईने भिजून सुटायला तेवढा वेळ लागतो. नळीत शिरलेला हवेचा बुडबुडाही तेवढ्यात वर सरकतो. बारा तासांनी पुन्हा नोझल चेक घ्या, अनेकदा तो आपोआप सुधारलेला असतो. नाहीच सुधारला तर ड्रायव्हरच्या, म्हणजे काँप्युटरवरून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, ‘मेंटेनन्स’ भागातलं पॉवर क्लिनिंग, तेही चारही टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या असतील तरच. टाकी रिकामी असताना ते केलं तर शाईऐवजी हवा ओढली जाते आणि होती ती अवस्था बिघडते. कॅननमध्ये हाच क्रम ‘क्लिनिंग’ आणि मग ‘डीप क्लिनिंग’ असा आहे. डीप क्लिनिंगनंतर २४ तास थांबायचं.

याच कारणासाठी टाकीतली शाई खालच्या खुणेच्या खाली कधीही जाऊ देऊ नका. यातल्या बऱ्याच प्रिंटरना टाकीत खरोखर किती शाई आहे हे कळत नाही. काँप्युटरच्या स्क्रीनवर दिसणारा अंदाज ड्रायव्हरने पानांवरून बांधलेला असतो. महिन्यातून एकदा वाकून डोळ्यांनी पातळी बघा. हवा एकदा नळीत शिरली की ती काढायला बरीच शाई खर्ची पडते. चुकून निळ्या टाकीत पिवळी ओतली गेली तर छापायचं नाही, क्लिनिंगही करायचं नाही. दोन्हीमुळे चुकीची शाई नळीतून हेडपर्यंत ओढली जाते. प्रिंटर बंद ठेवून मेकॅनिकला बोलवा. शाई टाकीतच असताना ती काढून धुणं सोपं असतं.

हेड सुकू नये म्हणून आठवड्यातून एक पान छापा आणि त्या पानावर चारही रंग हवेत. फक्त काळी अक्षरं छापत राहिलात तर काळं नीट राहतं आणि बाकीचे तीन सुकतात. नोझल चेकचंच पान यासाठी पुरेसं आहे, त्याला शाईही नगण्य लागते. दुसरी सवय बंद करण्याची. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करा. बटण दाबल्यावर हेड उजव्या टोकाला जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि शाईला हवा लागत नाही. भिंतीवरचं बटण थेट बंद केलं किंवा छापता छापता लाइट गेली तर हेड मधेच उघडं राहतं. ज्या भागात भारनियमन आहे तिथे लाइट परत आल्यावर प्रिंटर एकदा सुरू करून रीतसर बंद करायला विसरू नका. दिवसातून पाच वेळा चालू-बंद करणंही टाळा, कारण दर वेळी सुरू होताना यंत्र थोडी शाई सफाईत घालवतं.

त्या तळाच्या स्पंजाबद्दल दुकानदार अवाक्षर काढत नाहीत. क्लिनिंगची सगळी शाई या पॅडमध्ये जमा होते आणि यंत्र तिचा हिशोब ठेवतं. ठरावीक आकडा गाठला की प्रिंटर छापणंच थांबवतो, मग हेड ठणठणीत असो की टाक्या काठोकाठ भरलेल्या असोत. एप्सनच्या एल३११०, एल३१५० मध्ये दिवे आळीपाळीने लुकलुकतात आणि काँप्युटरच्या पडद्यावर पॅडचं आयुष्य संपल्याचा संदेश येतो. जुन्या कॅनन जी-मालिकेत ५बी०० हा कोड येतो. इंटरनेटवर यासाठी ‘रिसेटर’ प्रोग्राम फुकट मिळतात. ते उतरवू नका. त्यांच्यासोबत व्हायरस येण्याची भीती आहेच, शिवाय नुसता आकडा शून्यावर आणून पॅड तसाच ठेवला तर काही महिन्यांनी प्रिंटरच्या बुडातून शाई टेबलावर झिरपते. पॅड बदलून मगच रिसेट करायचं, आणि हे काम माहीतगार मेकॅनिकसाठी थोड्या वेळाचं आहे. नव्या कॅनन जी२०२० आणि जी३०२० मध्ये हा पॅड एमसी-जी०२ नावाच्या वेगळ्या डब्यात आहे. भरला की जुना ओढून काढा, नवा सरकवा, संपलं. मेकॅनिक तालुक्याच्या गावाहून यावा लागतो अशा ठिकाणी राहणाऱ्याने या एकाच कारणासाठी जी३०२० कडे झुकावं, असं आमचं ठाम मत आहे.

मग लेझर. घरात रंग लागत नसेल, कागदपत्रं, सातबारा, प्रश्नपत्रिका, नोट्स एवढंच छापायचं असेल, तर काळ्या-पांढऱ्या लेझरइतकं निर्धास्त यंत्र नाही. टोनर ही प्लॅस्टिकची कोरडी पूड असते. ती सुकत नाही. चार महिने बंद ठेवून सुरू केला तरी पहिलं पान तितकंच काळं येतं. वकिलांच्या आणि दस्तलेखकांच्या टेबलांवर कॅनन एलबीपी२९०० आणि एचपी १०२० वर्षानुवर्षं दिसतात ते यामुळेच. दोघांचं आतलं यंत्र एकाच जातीचं आहे. कॅननचं ३०३ आणि एचपीचं १२ए टोनर, दोन्ही २००० पानांची आणि गल्लोगल्ली रिफिल करून मिळणारी. घरासाठी नवा घ्यायचा तर ब्रदर एचएल-एल२३२१डी सगळ्यात जास्त पटतो. मिनिटाला ३० पानं, २५० पानांचा बंद ट्रे आणि आपोआप दोन्ही बाजूंना छपाई. कागद निम्मा लागतो, आणि वर टाकीच्या प्रिंटरचा हिशोब करताना पाहिलंच की खरा खर्च कागदाचा आहे. याला वायफाय नाही, फक्त यूएसबी आहे. स्कॅनरही नाही. झेरॉक्स हवी असेल तर त्याच जातीचा स्कॅनर असलेला प्रिंटर शोधा, किंमत अर्थातच वाढते.

ब्रदरच्या लेझरमध्ये टोनर आणि ड्रम (पूड कागदावर उमटवणारा दंडगोल) वेगवेगळे असतात. टीएन-२३६५ टोनर २६०० पानांचं, डीआर-२३६५ ड्रम साधारण १२,००० पानांचा. ‘ड्रम बदला’ असा संदेश आला म्हणून टोनर बदलून उपयोग नाही, आणि हा गोंधळ सर्रास होतो. पानावर वरपासून खालपर्यंत काळी उभी रेघ येऊ लागली तर लगेच पैसे खर्च करू नका. ड्रम बाहेर काढा, त्यावरची हिरवी कळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सात-आठ वेळा सरकवा आणि बाणाच्या खुणेवर आणून ठेवा. आतल्या तारेवरची धूळ निघते आणि रेघ बहुधा जाते. कळ खुणेवर परत आणली नाही तर पुढचं पान काळ्या पट्ट्याचं येतं. रिफिल तीन-चार वेळांपर्यंत ठीक चालतं. पुढे पान करडं दिसू लागलं, ठरावीक अंतरावर तोच ठिपका उमटू लागला की ड्रम किंवा त्यावरची पट्टी झिजली आहे. पूड भरून ते सुधारणार नाही. टोनर सांडलाच तर गरम पाणी लावायचं नाही, पूड वितळून कपड्यात बसते. कोरड्या कपड्याने झटकून थंड पाण्याने धुवा.

लेझरची एक अट विजेची. कागदावर पूड वितळवून पक्की करणारा फ्यूजर दोनशे अंशांच्या आसपास तापतो आणि त्या क्षणी शेकडो वॉट ओढतो. घरातला ६०० व्हीएचा काँप्युटर यूपीएस जेमतेम ३६० वॉट देतो. त्यावर लेझर जोडला तर यूपीएस शिट्टी मारून बंद पडतो आणि सोबत काँप्युटरही जातो. लेझर नेहमी थेट भिंतीच्या सॉकेटवर लावायचा. टाकीच्या प्रिंटरला छापताना दहा-बारा वॉटच लागतात, त्यामुळे तो इन्व्हर्टरवर खुशाल चालवा.

कागदाचं म्हणाल तर ७५ जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) हा घरगुती वापराचा मध्यममार्ग. ७० जीएसएम चालतो, पण दोन्ही बाजूंना शाईने छापलं तर मागचं दिसतं. कोकण, गोवा आणि मुंबईत जून ते सप्टेंबर कागद हवेतलं पाणी ओढतो, मऊ पडतो, कडा वळतात आणि दोन-दोन पानं एकदम आत जातात. रिमचं वेष्टण निम्मंच फाडा, लागतील तेवढी वीस-पंचवीस पानं काढा आणि उरलेला गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आडवा ठेवा. पावसाळ्यात ट्रेमध्ये रात्रभर कागद ठेवायचा नाही. लावण्याआधी गठ्ठा चारही बाजूंनी फुरफुरवून घ्या. कागद ओढलाच जात नसेल आणि रोलर नुसताच घासत असेल तर त्यावर कागदाची भुकटी बसून तो गुळगुळीत झालेला असतो. प्रिंटर बंद करून, पिळलेल्या ओल्या सुती कपड्याने रोलर हाताने फिरवत पुसा आणि पूर्ण वाळू द्या. तेल किंवा डब्ल्यूडी-४० लावलं तर रोलर कायमचा गेला. अडकलेलं पान दोन्ही हातांनी, कागद ज्या दिशेने जातो त्याच दिशेला हळू ओढा. उलट ओढल्याने तुकडा आत राहतो, आणि बाहेरून न दिसणारा तो तुकडा पुढची सगळी पानं अडवतो. लेझरमध्ये पान मागच्या बाजूला अडकलं असेल तर आधी पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या.

वायफायचा त्रास जवळजवळ सगळ्या कंपन्यांत सारखाच आहे. काल चालत होता, आज काँप्युटर म्हणतो ‘ऑफलाइन’. बऱ्याचदा कारण एकच असतं: लाइट जाऊन आल्यावर राउटरने प्रिंटरला नवा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा क्रमांक) दिला आणि विंडोज जुन्याच पत्त्यावर शोधत बसलं. कायमचा उपाय राउटरच्या सेटिंगमध्ये आहे. ‘ॲड्रेस रिझर्वेशन’मध्ये प्रिंटरला एक पत्ता पक्का करून द्या. मग विंडोजमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, ॲड पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी/आयपी या क्रमाने जाऊन तोच पत्ता टाका. त्याच पोर्टच्या सेटिंगमध्ये ‘एसएनएमपी स्टेटस’ची खूण काढली की खोटा ‘ऑफलाइन’ बराच कमी होतो. स्वस्त प्रिंटरपैकी बरेच फक्त २.४ गीगाहर्ट्झवर चालतात. राउटर दोन्ही बँडना एकच नाव देत असेल तर पहिल्यांदा जोडताना ५ गीगाहर्ट्झ तात्पुरता बंद ठेवा. आणि यूएसबीची तार घरात असू द्या. अर्जाची मुदत रात्री बारापर्यंत असेल तेव्हा राउटरशी झगडण्यात अर्थ नसतो.

रांगेत अडकलेलं काम ‘डिलीटिंग’ म्हणत राहतं आणि जात नाही, तेव्हा प्रिंटर आधी बंद करा. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम) थांबवा. सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स असं आत जाऊन तिथल्या सगळ्या फाइल काढून टाका. फोल्डर तसाच ठेवायचा. स्पूलर पुन्हा सुरू करा, मग प्रिंटर.

देवनागरीची अडचण वेगळी. पीडीएफ पडद्यावर नीट दिसते आणि कागदावर मात्र चौकोन, तुटलेली जोडाक्षरं किंवा भलत्या जागी गेलेल्या वेलांट्या येतात. दोष प्रिंटरचा नसतो, फाँटची माहिती ड्रायव्हरपर्यंत नीट पोचत नाही. ॲक्रोबॅट रीडरमध्ये प्रिंटच्या खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’ उघडून ‘प्रिंट ॲज इमेज’वर खूण करा. पान थोडं उशिरा येईल, पण पडद्यावर दिसतं तसंच येईल. जुन्या मराठी फाँटमधली वर्डची फाइल दुसऱ्याच्या काँप्युटरवर नेऊन छापायची असेल तर आधी तिची पीडीएफ करून न्या. तो फाँट तिथे नसला तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतात. डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावरचा क्यूआर कोड ‘ड्राफ्ट’मध्ये छापू नका. ठिपके विस्कटतात आणि मोबाइल तो वाचत नाही. ‘स्टँडर्ड’ ठेवा आणि पानाचा आकार शंभर टक्के ठेवा.

घेण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर आपला पिनकोड टाकून अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे आणि माणूस घरी येतो की यंत्र उचलून न्यावं लागतं, ते बघा. वॉरंटीला वर्षांसोबत पानांचीही मर्यादा असते, एप्सन एल३२५० ला एक वर्ष किंवा ३०,००० पानं, जे आधी भरेल ते. बाहेरची सुटी शाई ओतली तर हेडची वॉरंटी मिळत नाही, आणि बाटलीला ९ पैसे पान पडत असताना तो धोका पत्करण्यासारखा मुळीच नाही. बाटली घेताना झाकणाखालचं सील शाबूत आहे का ते दुकानातच बघा.

प्रिंटर घरी आला त्याच दिवशी, परत करण्याची मुदत सुरू असताना, एवढं करून घ्या. सपाट टेबलावर ठेवा, शाई भरा, आणि सुरुवातीची शाई ओढण्याची क्रिया संपेपर्यंत बंद करू नका. नोझल चेक छापून तारीख घालून जपून ठेवा, पुढे तुलनेला तोच कामी येतो. वीस पानं सलग छापून कागद तिरका जात नाही ना ते पाहा. उभ्या-आडव्या रेघांचा एक तक्ता छापा. उभी रेघ नागमोडी आली तर ड्रायव्हरमधून हेड अलाइनमेंट करा. काचेवर आधार कार्ड ठेवून दोन्ही बाजू एका पानावर येतात का तपासा. मोबाइलवरून एक पान पाठवून बघा. शेवटी बटणाने बंद करून अर्ध्या तासाने टाक्यांखाली आणि यंत्राच्या बुडाशी पांढरा कागद सरकवून बाहेर काढा. त्यावर शाईचा डाग असेल तर खोकं फेकू नका, त्याच दिवशी परतीची नोंद करा. शाई भरल्यावर यंत्र कुशीवर कलतं करून पाठवलं तर वाटेत सगळी शाई आत सांडते, म्हणून न्यायला आलेल्या माणसाला ते टेबलावर असतं तसं सपाटच ठेवायला सांगा आणि टाक्यांची झाकणं घट्ट लावून द्या.